वेशीबाहेर गेलेला खंड्या

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावात कापडी पिशव्या छापून विकणारी एक बाई राहत होती. तिच्या प्रत्येक पिशवीवर खंड्या पक्ष्याचा ठसा असे. तो ठसा तिने स्वतः सागाच्या लाकडात कोरला होता आणि पोटच्या पोरासारखा जपला होता.

त्या मुलखात एक चाल होती. माल विकणाऱ्याने आपली खूण शहरच्या कोतवालीत लाखेवर उमटवून ठेवायची. जो आधी उमटवील, खूण त्याची.

बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण तिचं घोडं दरवेळी एकाच जागी अडायचं. कधी खंड्याची चोच जाड वाटे, कधी शेपूट आखूड. शेजारचा कुंभार तिला जत्रा जवळ आली की आठवण करून देई.

"अगं, ठसा दाखवून ये एकदाचा. गावात तुला सगळे ओळखतात, शहरात कोण ओळखतं?"

"जाईन हो दादा. पण असला ओबडधोबड पक्षी कोतवालासमोर ठेवायची लाज वाटते. जरा मनासारखा उतरू दे."

गंमत बघा, कोतवालासमोर लाजणारी ही बाई तोच पक्षी छापलेल्या पिशव्या शहरच्या जत्रेत गाडी भरभरून विकत होती. लोक आता 'खंड्याची पिशवी' मागून घेऊ लागले होते. एका व्यापाऱ्याने हे हेरलं. त्याने एक पिशवी विकत घेतली, सुताराकडून तसाच ठसा करवून घेतला आणि सरळ कोतवाली गाठली.

पुढच्या जत्रेआधी बाईचा खंड्या अखेर मनासारखा झाला. ती हरखून तो घेऊन गेली. कोतवालाने लाखेची एक वडी काढून तिच्यापुढे ठेवली. जाड चोच, आखूड शेपूट. तिचाच जुना पक्षी होता तो.

"पक्षी तुमचाच असेल बाई," कोतवाल हळूच म्हणाला, "पण इथे तो दुसऱ्याच्या नावावर आहे. तुमचा त्याच्यासारखाच दिसतो, तेव्हा आता तुम्हाला तो वापरता यायचा नाही."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वर्षी ती जत्रेत कोऱ्या पिशव्या मांडून बसली. एक जुनं गिऱ्हाईक खांद्याला व्यापाऱ्याची पिशवी अडकवून तिच्यासमोर थांबलं आणि कौतुकाने सांगू लागलं, "यंदाही खंड्याचीच घेतली बरं का. दुसरी आम्हाला चालत नाही."

बाईने समोरची कोरी पिशवी झटकून पुन्हा घडी घातली.

तात्पर्य: माल वेशीबाहेर पाठवायचा, तर आपली खूण त्याआधी नोंदवून टाकावी. ती सुरेख व्हायची वाट पाहत बसलं, तर ती दुसऱ्याची होऊन बसते.