दोन हजारांवरची रेघ

एकदा एका वृद्ध बुद्धिबळगुरूंकडे त्यांचा जुना शिष्य पेढ्यांचा पुडा घेऊन आला. शिष्य तिशीच्या आतला, लग्न नुकतेच झालेले, आणि आनंद असा की चप्पल काढायचेही भान नव्हते. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावात शिरायचे आणि तिथल्या देवळाची घंटा शोधून काढायची, असा एक व्हिडिओ गेम त्याने कित्येक वर्षे खपून एकट्याने तयार केला होता. एका ऑनलाइन दुकानाच्या दिवाळी सेलमध्ये तो त्याच सकाळी विक्रीला लागला होता.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि त्याचा फोन हातात घेतला. पाण्याखालचा पिंपळ, हिरवट उजेड, ओसरीवर तरंगणारा पाळणा. ते बराच वेळ पाहत राहिले.

"सुरेख केलंयस रे," ते म्हणाले. मग त्यांची दृष्टी चित्राच्या खाली गेली. तिथे 'दोन हजार रुपये' असे लिहून त्यावर लाल रेघ मारलेली होती. शेजारी ठळक अक्षरांत 'फक्त चारशे', आणि त्याखाली 'ऐंशी टक्के सूट, त्वरा करा'.

"दोन हजारांना कितीजणांनी घेतला?" गुरुजींनी विचारले.

"अजून कोणीच नाही. विक्री आजच तर सुरू झाली."

"मग ही दोन हजार किंमत होती कधी?"

शिष्य हसला. "गुरुजी, ती फक्त दाखवायची असते. सगळेच दाखवतात. नुसते चारशे लिहिले, तर लोकांना वाटतं, चारशेचाच असेल."

"चारशेचाच आहे ना?"

"आहे. पण तसं वाटता कामा नये."

गुरुजींनी पेढा तोंडात टाकला. शिष्य आपण होऊनच म्हणाला, "आणि ती किंमत मी खोडलीच आहे की! खोडलेल्या गोष्टीत खोटं काय असणार?"

 गुरुजींनी आणखी एक पेढा घेतला.

मग शिष्याने मूळ कामाला हात घातला. पाडव्याला त्याचा दिवाळसण होता, सासुरवाडी याच गावात होती, आणि गेम तयार करणे हा पोटापाण्याचा धंदा असू शकतो यावर सासऱ्यांचा अजून विश्वास बसलेला नव्हता. जावई दिवसभर खेळतो, इतकीच त्यांची समजूत. "तुमच्या शब्दाला तिथे मान आहे. जेवायला या आणि माझ्याविषयी दोन चांगले शब्द बोला," त्याने विनंती केली.

"बोलेन," गुरुजी म्हणाले. "लोकांच्या मनात ठसेल असं बोलेन."

पाडव्याच्या दुपारी जेवणे झाली. दिवाणखान्यात सासरे, सासूबाई, मामेसासरे आणि इतर मंडळी विडा चघळत बसली होती. गुरुजी उठून उभे राहिले, तशी सगळ्यांनी बोलणी थांबवली.

"या मुलाचं मला फार कौतुक आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "पूर्वी हा सकाळपासून दारू प्यायचा. पत्त्यांवर पैसे लावायचा. मित्रांचं सामान परस्पर विकायचा. आणि आज पाहा! दारूचा थेंब नाही, पत्त्याला स्पर्श नाही, कोणाच्या वस्तूला हात नाही. ऐंशी टक्के नव्हे, सगळं सोडलं त्यानं. असा जावई भाग्यानंच मिळतो."

मामेसासऱ्यांनी टाळी वाजवली. "वा, जावईबापू! याला म्हणतात निग्रह! आमच्या थोरल्याला जरा समजवा हो कसं सोडायचं ते." आणखी दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या अर्ध्यातच विरल्या, कारण सासरे टाळ्या वाजवत नव्हते.

"सोडली कधी म्हणायची?" त्यांनी शांतपणे विचारले. "लग्नाआधी की नंतर?"

"बाबा, तसं काहीच..." शिष्य उठून उभा राहिला आणि त्याचा पेला कलंडला. सरबतच होते, तरी सासूबाईंनी पुसता पुसता फडके हळूच नाकाशी नेलेले त्याला दिसले. दिवाळसणाची अंगठी आता त्याच्या हाती द्यायची होती. ती त्यांनी डबीसकट मुलीच्या हातात ठेवली. "तुझ्यापाशीच राहू दे गं. ह्यांना सवड झाली की घालतील."

त्याची पत्नी एका बाजूला चिवड्याची ताटली धरून उभी होती. ती एकटक त्याच्याकडे पाहत होती. राग दिसला असता, तर त्याला बरे वाटले असते. ती हिशेब लावत होती: साखरपुड्याला तो उशिरा का आला होता, आणि नाशिकचा तो कोण मित्र, ज्याचे नाव काढले की हा विषय बदलतो.

शिष्याने गुरुजींना अंगणात गाठले. 

"मी आयुष्यात दारूला शिवलो नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे!"

"मीही तेच सांगितलं. शिवत नाही म्हणालो."

"पण पूर्वी प्यायचो म्हणालात!"

"ते मी लगेच खोडलं की. सगळं सोडलं म्हणालो." गुरुजींनी त्याच्याकडे पाहिले. "खोडलेल्या गोष्टीत खोटं काय असणार?"

 मग गुरुजी पुढे म्हणाले, "चारशे रुपये थोडे की फार, हे ठरवायला माणसाला तुझा गेम पाहावा लागतो. तो पिंपळ, तो पाळणा पाहावा लागतो. पण तू शेजारी दोन हजार लिहिलेस की तो गेम पाहतच नाही. वाचलेले सोळाशे पाहतो, जे कधी जाणारच नव्हते. तू निर्व्यसनी आहेस ही काल एक साधी, खरी गोष्ट होती. मी तिच्याशेजारी एक दारुडा उभा केला आणि तुझ्या मामेसासऱ्यांनी टाळी वाजवली. ती टाळी तुझ्या वाट्याची नव्हे, त्या दारुड्याच्या वाट्याची. आणि रेघ मारल्यानं तो जात नाही, बरं का. सासूबाईंनी अंगठी कोणापासून सांभाळली?"

"कळलं मला," शिष्य म्हणाला. "पण आता आत चला आणि खरं सांगा. माझा संसार आहे तो."

गुरुजी तत्काळ आत गेले. मुलगा पूर्ण निर्व्यसनी आहे, मघाचे सारे आपण रचून सांगितले, दोष आपला आहे, असे त्यांनी हात जोडून सांगितले. मंडळींनी आदराने माना हलवल्या.

"गुरुजींचं मन मोठं," सासूबाई म्हणाल्या.

"शिष्याला सांभाळून घ्यावं तर असं," मामेसासरे म्हणाले आणि त्यांनी शिष्याकडे पाहून डोळा मिचकावला.

गुरुजींचा चेहरा उतरला. "एक चाल मी कमी मोजली," ते शिष्याला म्हणाले. "असं होईल, हे मीही धरलं नव्हतं. मला क्षमा कर."

शिष्य पत्नीला घेऊन माडीवर गेला. तिने ताटली अजून खाली ठेवली नव्हती.

"मी कोणतं खरं मानू?" ती म्हणाली. "गुरुजींनी दोन्ही वेळा सारख्याच गंभीर चेहऱ्यानं सांगितलं. आणि तू शपथ घेऊ नकोस. शपथ तर पिणाराही घेतो."

शपथ त्याच्या अगदी ओठांवर आली होती. ती गिळून त्याने फोन काढला आणि गेमचे पान तिच्यासमोर धरले.

"हे दोन हजार आहेत ना, ते खोटे आहेत. हा गेम दोन हजारांना कधीच नव्हता. तो आकडा मी लिहिला आणि मीच खोडला."

"म्हणजे त्या दिवशी मला ऐंशी टक्के सूट म्हणालास, तेही?"

"तेही."

"मी मैत्रिणींना सांगितलं ते!"

"माहीत आहे."

तिच्यादेखत त्याने मूळ किंमतच चारशे केली आणि सूट मागे घेतली. दुकानाने बजावले: सूट काढल्यास तुमचा गेम सेलच्या पानावरून उतरेल आणि या दिवाळीत पुन्हा तिथे येणार नाही. इतक्या वर्षांच्या कामाकडे कोणाचे लक्ष जायचे असेल, तर ते याच आठवड्यात, हे दोघांनाही ठाऊक होते. त्याचे बोट क्षणभर थांबले. मग त्याने 'मान्य' दाबले.

लाल रेघ गेली. पिंपळाच्या चित्राखाली नुसते चारशे उरले, एकटे, थोडेसे ओशाळलेले.

पत्नी त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिने ताटली खाली ठेवली, खाटेच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "आता दारूचं सांग. ऐकते."

सेलच्या पानावर रेघ मारलेला आकडा दिसला, की आपणही खरेदीपूर्वी इतकेच विचारावे: ही किंमत कधी कोणी दिली होती का?