सगुणाबाईच्या कामट्या

कामटी म्हणजे काठी नव्हे. बांबू उभा चिरला की जी चपटी, लवचीक पट्टी निघते ती कामटी. धिवर लोक तिचेच मासे धरायचे सापळे विणतात. एवढा भेद ध्यानी धरून पुढचे ऐका.

ज्या काळाची वर्षे कुणी मोजली नाहीत, त्या काळी धिवरटोला नावाच्या वस्तीच्या तळ्यावर सगुणाबाई नावाची एक परकी बाई आली. दिवाळी सरली की ती येई, दारोदार जाई आणि विचारी, "यंदाचा सर्वांत मोठा मरळ मासा केवढा?" घरधनी हात पसरून दाखवी. तेवढ्या लांबीची कामटी कापून, तिच्यावर त्या घराची खूण करून ती जवळ ठेवी. मग विचारी, "मागल्या सालापेक्षा लहान की मोठा?"

"तेवढाच," घरधनी म्हणे.

पुढल्या वर्षी पुन्हा तेच. टोला गोंधळून गेला. जाळेकरी जयरामची आई भागरता म्हणे, "काऊन वो बाई, मागच्या सालीच त सांगतलं तुले! डोक्शात मडकं हाय का गाळणी?"

सगुणाबाई हसे आणि कामटी कापी. असे म्हणतात, की टोल्यातली पोरे आजे झाली, पण तिचा एक केस पिकला नाही.

एका वर्षी तिने साऱ्या कामट्या आणून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर मांडल्या, घराघराची एकेक ओळ, वर्षांच्या क्रमाने. प्रत्येक ओळीतली पहिली कामटी कमरेला लागेल एवढी, शेवटची वीतभर. असे म्हणतात, की तळ्याचे पाणी हलायचे थांबले आणि बगळे माना वळवून पाहू लागले.

जयरामच्या शब्दावर टोला चाले. त्याच्याच घराची ओळ सर्वांत उतरती होती.

"खोटारडं घर!" लोक ओरडले. "दरसाल 'तेवढाच' म्हणत होते!"

"आन् तुम्ही काय म्हणत होते?" जयराम गरजला, पण कामट्यांकडे पाहून तो सगुणाबाईकडे वळला. "बाई, माह्या आज्यानं, बापानं, म्या खोटं सांगतलं का?"

"नाही."

"मंग मासा गेला कुठं?"

"मलाही कळत नाही. म्हणून तर विचारते."

मरळाची पिले लाल थव्याने वर येतात आणि आईबाप खाली राखण करतात. तेव्हा त्यांना भाल्याने टोचणे सोपे; ते जयरामच्या घराचे पिढीजात कसब. त्याने तो भाला तळ्यात फेकला.

"कारण हेच का दुसरं, मले ठाव नाई. पण पिलावाल्या मरळाले आता हात लावणार नाई."

असे म्हणतात, की भाला बुडाला नाही. माशासारखा सळसळत गवतात शिरला. पुढल्या दिवाळीनंतर सगुणाबाई आली आणि तिने तेच विचारले.

आजही टोल्यात पिलावाला मरळ धरत नाहीत, तो सगुणाबाईचा मानतात. दिवाळी सरली की घराघरात तिच्या नावाने एक कामटी कापतात.

हल्ली सांगणारे जयरामच्या घराला लबाड ठरवतात, बाईने त्यांची चोरी पकडली असे रंगवतात. ते चूक आहे. त्या घराने दरवर्षी खरेच सांगितले होते. मागल्या सालापेक्षा मासा कधीच नजरेत भरेल इतका लहान झाला नव्हता.