चांदवीचा चिखल

जनावरं एकमेकांशी सुखदुःखाचं बोलायची, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या गोठ्यात चांदवी नावाची म्हैस होती. उन्हाळ्यात कातडी भेगाळली की ती डोहातला चिखल अंगाला फासायची. तो वाळून पडला की पुन्हा फासायची. खायला मात्र गव्हाणीतला कोरडा कडबाच. रानात हिंडत तोंड घालणं तिला हलकेपणाचं वाटे.

त्या वर्षी वैशाखातच डोह आटला. चांदवीच्या भेगांतून रक्त येऊ लागलं. शेजारची भिंगरी शेळी मात्र भर उन्हात तुकतुकीत! हिला नक्कीच कुठंतरी चांगला चिखल सापडलाय, असं चांदवीला वाटलं.

“भिंगरे, तुझा चिखल मलाही दाखव गं.”

“चल माझ्यामागून,” भिंगरी म्हणाली.

भिंगरी काळ्या करवंदांपाशी थांबली, लाल उंबरांखाली रेंगाळली, गळून पडलेल्या पिवळ्या आंब्यांवर तर तिनं ताव मारला. वाट बघून चांदवीला भूक लागली. कुणी बघत नाही असं पाहून तिनंही तोंड घातलं. चिखल काही दिसला नाही.

“उद्या बघू,” भिंगरी म्हणाली. असे बरेच दिवस गेले.

शेवटी चांदवी वैतागली. पाय आपटून म्हणाली, “अगं, पण तो चिखल आहे तरी कुठं?”

“हलू नकोस गं,” तिच्या पाठीवर बसलेला कावळा खाली तिच्या कातडीत बघत, पिसं सारखी करत म्हणाला, “मला माझं तोंड नीट दिसत नाहीये.”