रेवाच्या हाताचं माप

चूक तुमची आहे. एक बाप दारात मान खाली घालून बसला होता. तुम्ही त्याच्यासमोरून गेलात आणि थांबला नाहीत. थांबला असतात, तर एका इवल्याशा परीला एवढी धावपळ करावी लागली नसती.

शेवंतीवाडीत कुंपणाकुंपणावर पिवळी-जांभळी शेवंती फुलायची. तिथे भानुदास कासार राहायचा. तो बायकामुलींच्या हातात बांगड्या भरायचा. त्याच्या टोपलीत पोपटी, डाळिंबी, मोरपंखी बांगड्या किणकिणायच्या. त्याला एकच लेकरू होतं. सगळे त्याला दौलत म्हणत, मुलगा म्हणत. पण त्या लेकराला आतून, अगदी आतून ठाऊक होतं, की आपण मुलगी आहोत. तिनं स्वतःसाठी एक नाव निवडलं होतं, रेवा. आपण तरी तिला रेवाच म्हणू या.

रेवानं ते नाव बाबांना सांगितलं. बाबा टोपलीतल्या बांगड्या पुसत राहिले. मग एकदा ती हळूच हिरव्या बांगड्या चढवून बाजारात गेली.

"काय रे भानुदास, गिऱ्हाईक मिळेना म्हणून पोराचेच हात भरलेस का?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळा बाजार हसला.

भानुदासनं टोपली उचलली, घरी आणून कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा तिला हात लावला नाही. घरात भाकरी कमी झाली आणि बोलणं त्याहून कमी. बाबा रागावत नसत. नुसते दारात बसत, उठत, आत जात, पुन्हा येऊन बसत. बोलत ते फक्त चंपा शेळीशी. रेवाचा हात तर त्यांनी किती तरी दिवसांत धरला नव्हता.

एका दुपारी रेवा रानात काटक्या वेचायला गेली. बोरीच्या झुडपात काहीतरी चमचमत होतं, थरथरत होतं. बघते तर काय, एक चिमुकली परी. तिचे काजव्यासारखे लुकलुकणारे पंख काट्यांत अडकले होते. रेवानं एकेक काटा अलगद बाजूला केला. बोटांवर लाल ओरखडे उठले, पण पंखाचा एक तंतूही तुटला नाही.

परी सुटली ती गरगर फिरायला लागली. तिला एका जागी राहवतच नव्हतं.

"माग लवकर," ती म्हणाली. "एकच इच्छा."

"मला मुलगी कर."

"ती तू आहेसच. आहे ते कसं देऊ?"

"मग बाबांचं मन बदल."

"दुसऱ्याच्या मनाला मी हात लावत नाही. आणि ऐक, ज्याच्यासाठी मागशील, त्याच्यासमोर उभं राहून मागायचं. त्याला ऐकू जाईल असं. दिवेलागणीच्या आत."

ऊन केशरी व्हायला लागलं होतं. रेवा पळत सुटली. परी तिच्या केसांत लपली. काय मागायचं, काय मागायचं? पाय पुढे धावत होते आणि विचार गोल गोल.

अंगणात बाबा शेळीपुढे बसले होते.

"चंपे, मी कुणाला विचारू गं?" ते पुटपुटत होते. "पोर रडतं ते दिसतं. पण काय करायचं ते कळत नाही. माझ्या हातून काही चुकलं, तर तडा जायचा त्याच्या मनाला."

चंपा पाला चघळत राहिली.

रेवा त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाबांना," ती मोठ्यानं म्हणाली, "बोलायला कुणीतरी मिळू दे. ज्याला हे सगळं माहीत आहे, असं कुणीतरी."

परीनं पंख झटकले. सोनेरी, रुपेरी, गुलाबी ठिणग्या उडाल्या आणि आसपासच्या वाड्यांवस्त्यांकडे पळाल्या. परीनं एकही नवा माणूस घडवला नाही. असे बाप होतेच. आपापल्या दारात एकेकटे बसलेले. ठिणगी समोर आली आणि ते तिच्यामागे निघाले.

पहिला आला हैबती नावाडी. त्याच्या ज्या लेकराला सगळे मुलगी समजून यमुना म्हणत, तो आता त्याचा मुलगा यशवंत होता. मागोमाग मल्हारी बुरूड आला, टोपल्या विणणारा. त्याच्या थोरल्या मुलाला नवरी नको होती. त्याचा जीव पलीकडच्या गावातल्या एका बासरीवाल्या मुलावर होता.

"माझं कुठे चुकलं?" भानुदासनं विचारलं.

"कुठेच नाही," मल्हारी म्हणाला. "मीही हेच विचारत बसलो होतो. पोरगा तोवर उपाशी झोपायचा."

"लोक हसतात रे."

"माझ्या नावेत बसूनही हसतात," हैबती म्हणाला. "मग मी ऐन मधोमध वल्हं थांबवतो."

भानुदास हसला. खूप दिवसांनी. हसता हसताच उठला आणि धूळ झटकून टोपली घेऊन आला. त्यानं एक डाळिंबी बांगडी निवडली आणि रेवाच्या हातावर चढवू लागला. काच कट्‌कन तुटली.

भानुदास बघतच राहिला. गावातल्या प्रत्येक मुलीचं माप त्याला पाठ होतं. इथे मात्र त्यानं नुसत्या अंदाजानं बांगडी काढली होती.

"हात बघितलास का तिचा?" मल्हारीनं विचारलं. "आधी धर तरी."

मग भानुदासनं रेवाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. अंगठ्याखाली दाबून पाहिलं. बोटांची पेरं एकेक चाचपली. ओरखडे दिसले, त्यांच्यावर फुंकर घातली. हात बराच वाढला होता. त्यानं मोठ्या मापाची बांगडी काढली. ती सर्रकन आत गेली. मग मोरपंखी. मग पोपटी.

"दुखलं का," तो म्हणाला, आणि क्षणभर थांबला. "रेवा?"

रेवानं मान हलवली. ती बाबांच्या कुशीत शिरली.

परी अंगणावर एकदा भिरभिरली. शेवंतीचं फूल न् फूल दिव्यासारखं उजळलं, चंपाची शिंगंसुद्धा सोन्याची दिसली, आणि त्या लख्ख उजेडात परी विरघळून गेली. घरोघरी दिवे लागले.

"आता उद्या उठल्यावर तोंडातून जुनंच नाव गेलं तर?" भानुदासनं विचारलं.

"जाईलच," हैबती नावाडी म्हणाला. "माझंही जातं. यशवंत नुसता बघतो माझ्याकडे. मग मी पुन्हा हाक मारतो."