जूनचा पगार

“मग अशा मुलीला शिकवायचं तरी काय, गुरुजी?”

निनाद परचुरेने हातातली पेटी ओट्यावर ठेवली. पेटीत त्याचा खेळ होता. कागदी नोटा, बारा महिन्यांचा पट, संकटांच्या चिठ्ठ्या. नववीच्या मुलांना पैशाचा व्यवहार कळावा म्हणून त्याने तो स्वतः तयार केला होता, आणि जिल्ह्यात पहिला नंबरही पटकावला होता. तेव्हापासून स्वारी जरा हवेतच होती.

तांडेलगुरुजी कोळीवाड्यातल्या आपल्या घराबाहेर लसूण सोलत बसले होते. मास्तरकीचं पहिलं वर्ष निनादने त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून काढलं होतं. अडलं की तो अजून इथंच येई.

“काय केलं तिनं?”

“काहीच नाही, तेच तर! दर महिन्याला वीस हजार पगार देतो. बाकीची मुलं ठेवी ठेवतात, सोनं घेतात. ही तेजल नाखवा सगळ्या नोटा कंपासपेटीत कोंबून बसते. सांगून सांगून घसा कोरडा पडला. पडून राहिलेल्या पैशाला खेळात कात्री लागते. शेवटून पहिली आली.”

“मग?”

“शेवटच्याला आम्ही कागदी टोपी घालतो. ‘चिंगूस’ लिहिलेली. गंमत म्हणून...”

गुरुजींचा हात थांबला.

“चार दिवस शाळेत आलेली नाही.” निनादचा आवाज खाली आला. “काल घरी निरोप धाडला, तर आई म्हणाली, पुरे झाली शाळा, बसेल माझ्याबरोबर मासळी विकायला.”

गुरुजींनी लसणाची परडी बाजूला सारली.

“मांड,” गुरुजी म्हणाले.

“काय?”

“खेळ. मी खेळतो.”

निनादची कळी खुलली. त्याने पट पसरला, जानेवारीचा पगार मोजून दिला. गुरुजींनी घरखर्चाचे पैसे टाकले आणि उरलेल्या नोटा मांडीखाली सरकवल्या. फेब्रुवारीतही तेच. मार्चमध्येही तेच.

“ठेव ठेवा ना, गुरुजी.”

“मधेच मोडली तर?”

“दंड बसतो.”

“मग नको.”

निनादने मनातल्या मनात कपाळाला हात लावला. एवढा जाणता माणूस, आणि पोरीसारखाच अडून बसलाय! एप्रिल गेला, मे गेला. त्याने जूनचे वीस हजार पुढे केले.

गुरुजींनी हात पुढे केला नाही.

“घ्या ना.”

“कशाचे?”

“जूनचा पगार.”

“पावसाळा लागला. होडी वर ओढलीय.”

निनाद हसला. मग हसू तसंच ओठांवर राहिलं.

“पण खेळात तर... दर एक तारखेला...”

गुरुजी पुन्हा लसूण सोलू लागले.

खेळाच्या पहिल्याच दिवशी तेजलने विचारलं होतं, “सर, जूनमध्येपण देणार?” तो घाईत होता. “आधी खेळ, प्रश्न नंतर,” असं म्हणून त्याने तिला खाली बसवलं होतं. पावसाळ्यात चूल पेटती ठेवायला पोरगी पैसे राखत होती, आणि त्याने भर वर्गात तिच्या डोक्यावर टोपी घातली होती. निनादला स्वतःची लाज वाटली.

तो उठला आणि भराभरा पट गुंडाळू लागला.

“आत्ताच जातो तिच्या घरी. माफी मागतो. आणि खेळ आजच सुधारतो, गुरुजी. दोन महिने बिनपगारी घालतो.”

“दोन कोणी सांगितले?”

“मासेमारी बंदी दोन महिन्यांची...”

“ती सरकारची.”

निनादने पट पेटीत कोंबला आणि पेटी उचलली.

गुरुजींनी पेटी त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या पाठीमागे ठेवली.

“तिच्या घरची बंदी किती महिन्यांची, ते विचारून ये... मग माग ही पेटी.”