बिनआवाजाची गाडी

घाटाच्या पायथ्याशी कुंभारांची एक अरुंद गल्ली होती. तिच्या टोकाला रामलिंग नावाचा कासार राहत असे. लग्नघरी जाऊन तो बायकांना काचेच्या बांगड्या भरायचा. गावोगावी नेताना बांगड्यांची एकेक जोडी तो पेंढ्यात गुंडाळून ठेवी. फुटेल अशा वस्तूला जपणे हा त्याचा धंदाच होता.

गल्लीच्या मध्यावर धुरपाआजीचे घर होते. आजीला दिसत नव्हते. उंबऱ्यावर बसून, पाय रस्त्यात लांब करून ती मडकी गारगोटीने घोटून गुळगुळीत करायची. स्कूटर आली, रिक्षा आली, की आवाज ऐकून पाय आत ओढून घ्यायची. गाडी गेली की पाय पुन्हा बाहेर. इतक्या वर्षांत तिला कधी खरचटलेही नव्हते.

रामलिंगने जुनी फटफटी विकली आणि विजेवर चालणारी गाडी घ्यायचे ठरवले. शोरूममध्ये दोन गाड्या होत्या. एक लहान, त्याला सहज परवडणारी. दुसरी मोठी आणि उंच. तिच्यासाठी वडिलांनी ठेवलेला जमिनीचा तुकडा विकावा लागणार होता.

गावाने सल्ला द्यायला वेळ लावला नाही.

लहान गाडीचा फोटो बघून न्हावी म्हणाला, "ही गाडी म्हणायची की काडेपेटी?"

"काडेपेटीच! चार्जिंगला लावली की पेटणार," पानवाला म्हणाला. दोघेही विजेच्या गाडीत कधी बसले नव्हते.

रामलिंगची बायको शेवंता मात्र थट्टा करत नव्हती. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. शेवंता म्हणाली, "अहो, ट्रकचा नुसता धक्का लागला तरी त्या एवढ्याशा गाडीचं काय उरेल? लेकीला मी तिच्यात बसवणार नाही."

रामलिंगला ते पटले. एअरबॅग किती, पत्रा किती जाड, बॅटरी तापली तर काय, सगळे त्याने विचारून घेतले. जमीन विकून मोठी गाडी आणली. चाकाखाली लिंबू ठेवले, नारळ फोडला, गल्लीभर पेढे वाटले.

गाडी गल्लीत जेमतेम मावायची. ती यायची वेळ झाली की कुंभारणी वाळत ठेवलेली मडकी उचलून आत नेत, गेली की पुन्हा मांडत. त्यांची गडबड ऐकून आजीही पाय आत घेई. रामलिंग भला माणूस, म्हणून कोणी काही बोलले नाही.

एका दुपारी सगळी गल्ली भट्टी लावायला ओढ्याकडे गेली होती. एकटी आजी उंबऱ्यावर होती. रामलिंग गाडी घेऊन आला. इंजिन नाही, घरघर नाही. उंच बॉनेटवरून त्याला लांबचा रस्ता दिसत होता, जवळचा दिसत नव्हता. अचानक खळ्‌कन काहीतरी फुटले. त्याने करकचून ब्रेक दाबला.

खाली उतरून पाहतो तर चाकाखाली एका मडक्याचा चुरा झाला होता. आणि चाकापुढे वीतभर अंतरावर धुरपाआजीचे पाय होते.

"शुक् शुक् मेल्या!" आजी म्हणाली. "पाडलंस ना माझं मडकं? मांजराची जातच वाईट."

कोणी पाहिले नव्हते. गाडी गुपचूप मागे घेतली असती, तर दोष मांजरावरच राहिला असता. रामलिंग आजीजवळ धुळीत बसला.

"आजी, मांजर नव्हतं. मी होतो. माझी गाडी."

आजीने हळूच पाय ओढून घेतले. हात लांब करून चाक चाचपले.

"मला कशी रे ऐकू आली नाही?"

"ती वाजतच नाही, आजी."

"आणि मी तुला दिसले नाही?"

"नाही. फार उंच आहे ती."

"एवढी मोठी कशाला घेतलीस मग?"

"लेक येणार आहे. तिला काही होऊ नये म्हणून."

आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "बरोबर केलंस बाबा. पण मीसुद्धा कुणाची तरी लेकच की रे."

घरी जाऊन रामलिंगने शेवंताला सगळे सांगितले. ती रडली. सकाळी तीच म्हणाली, "अहो, ती बदलून आणा."

मोठी गाडी परत देताना बरेच नुकसान झाले. जमीन तर गेली ती गेलीच. लहान गाडी पाहून पानवाला ओरडला, "शेठ, उन्हात ठेवली होती का? आटली की गाडी!" रामलिंगही हसला. शेवंताची ट्रकची भीती मात्र गेली नव्हती. म्हणून लेकीला आणताना त्याने हमरस्ता सोडला, मायलेकींना पट्टे लावायला लावले आणि लांबच्या आडवाटेने सावकाश आला. गाडीच्या पुढे त्याने बैलाची घुंगुरमाळ बांधली होती.

गल्लीत घुंगरे वाजली. मडकी जागच्या जागी राहिली. आजीने हात वर करून गाडी थांबवली, बसल्या बसल्याच तिचे नाक, दिवे, कड चाचपली. मग तोंडभर हसली.

"माझ्यासारखीच बुटकी आहे गं बाई," ती म्हणाली. "हिला मी दिसेन."

तात्पर्य: आत बसलेल्यांपुरती सुरक्षितता अर्धीच असते. आपल्या माणसांना जपताना वाटेवरच्या माणसालाही आपले धरावे.