कोलेनरीडच्या ढालीवरचं एका पायाचं स्टूल

हं, या असे पुढे. फोटो मागाहून काढा, आधी नीट बघा. नगरपालिकेच्या दारावरची ही दगडी ढाल म्हणजे आमच्या कोलेनरीडचं मानचिन्ह. जर्मनीतल्या गावागावांच्या ढालींवर सिंह असतो, गरुड असतो, नाहीतर किल्ला तरी असतोच. आमच्या ढालीवर काय, तर स्टूल! तीन पायांची ती तिवई, चार पायांचा तो चौरंग. याला मात्र एकच पाय. मी मिरजेहून लग्नासाठी इथे आले, तेव्हा मलाही हसू आलं होतं. मग सासूबाईंनी हकिकत सांगितली. त्यांना त्यांच्या सासूने सांगितली होती, तेव्हा खरंखोटं देव जाणे.

फार पूर्वी इथे गाव असं नव्हतंच म्हणे. कोळसा पाडणाऱ्यांची चार घरं आणि भोवती जंगल. समोरच्या त्या टेकडीवर त्यांची भट्टी असे. लाकडं रचायची, वरून पाला आणि ओली माती लिंपायची आणि आत नुसती धग ठेवायची. लिंपण कुठे तडकलं आणि वारा आत शिरला, की भडका. मग कोळसा जातोच, जंगलही जातं आणि घरंही जातात. म्हणून भट्टीजवळ सतत एक माणूस जागता लागे. त्याने बसायचं ते या असल्या स्टुलावर, डुलकी लागली की धाडकन खाली! आणि नियम असा, की बदलीचा माणूस आल्याशिवाय पहिल्याने खाली उतरायचं नाही.

त्या उन्हाळ्यात वाल्बुर्गा नावाच्या बाईचा नवरा, योर्ग, जहागीरदाराच्या कैदेत होता. त्याने शिकारीच्या राखीव रानातला एक ओक तोडला होता. सायंघंटा झाली की कैद्यांची गाडी मिठाच्या खाणीकडे निघणार होती, आणि तिकडे गेलेला माणूस सहसा परत येत नसे. पण त्याच दिवशी जहागीरदाराच्या मुलीचं लग्न होतं. लग्नाच्या दिवशी कैद्याच्या बायकोने वऱ्हाडासमोर पदर पसरला, तर एका कैद्याला सोडायची त्या घराण्याची रीत होती. सायंघंटेच्या आत मात्र तिने स्वतः जाऊन मागायला हवं.

सकाळी भट्टीवर पाळी वाल्बुर्गाचीच होती. सगळी वस्ती खाली लग्नाच्या जेवणाला निघाली, तेव्हा धाकटा दीर मातेस म्हणाला, “वहिनी, घोर करू नका. दुपारच्या आत कोणीतरी वर येतंच.”

ते ‘कोणीतरी’च घात करून गेलं. खाली मातेसला वाटलं, शेजारी गेला असेल. शेजाऱ्याला वाटलं, सख्खा दीर असताना मी कशाला? दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशातली गत. भाजलेलं डुक्कर आलं, बिअरचं पिंप फुटलं, पिपाण्या वाजू लागल्या.

वर त्या बाईचा जीव टांगणीला लागला होता. उठायची, कड्यापाशी जायची, वाटेवर कोणी दिसतंय का बघायची, परत यायची. हाका मारून घसा बसला, पण वारा उलटा होता. ऊन कललं तसं लिंपण तडकायला लागलं. शेवटी ती निघालीच म्हणे. पहिल्या वळणापर्यंत उतरली, मागे पाहिलं, तर पांढरा धूर काळा झाला होता. खाली नवरा आणि वर भट्टी. ती तिथे किती वेळ उभी राहिली, ते कोणालाच माहीत नाही. ती मागे वळली. माती उकरली, अंगावरचं कापड भिजवून भेगांत कोंबलं, उघड्या हातांनी लिंपत राहिली. आणि खाली सायंघंटा झाली.

धूर बघून मांडवातली वाद्यं थांबली. तेव्हा कुठे एका म्हातारीने विचारलं, “वर कोण आहे?” मग सगळे घागरी घेऊन धावले. पोचले तेव्हा भट्टी शांत होती आणि वाल्बुर्गाचे हात कोपरापर्यंत भाजलेले होते.

मातेस म्हणाला, “वहिनी, मला वाटलं...”

“बस इथे,” ती म्हणाली. “मला जायचंय.”

त्याला तिने स्टुलावर बसवलं आणि गाडी गेली त्या वाटेने ती चालू लागली. जहागीरदार घोड्यावरून समोर आला, तर त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. योर्गला सोडून आणायला त्याने मागाहून स्वार धाडले, पण गाडी सापडली नाही आणि तीही नाही. कोणी म्हणतात योर्ग तिला भेटला, कोणी म्हणतात नाही. रान वाचलं म्हणून जहागीरदाराने या वस्तीला गावाचा दर्जा दिला आणि ढालीवर काय हवं ते विचारलं. लाजेने कोणाचीच मान वर होईना. मातेस म्हणाला, “ते स्टूल काढा. रिकामंच काढा.”

आजही इथे लग्नात ताटं वाढून झाली तरी कोणी घास घेत नाही. घरातलं वडीलधारं माणूस उठून विचारतं, “वर कोण आहे?” टेकडीवर आता भट्टी नाही, काही नाही. तरी कोणीतरी “मी जातो” म्हणतं, आपलं ताट घेऊन निघतं. ते दाराबाहेर पडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय जेवण सुरू होत नाही.

माझ्या लग्नात ताट घेऊन माझे वडील उठले. जर्मनचं एक अक्षर येत नव्हतं, गोष्ट तेवढी जावयाने कानात सांगितली होती. संध्याकाळी खाली आले, तर ताट जसंच्या तसं. मी रागावले, “अण्णा, जेवला का नाहीत?”

अण्णा म्हणाले, “ती भट्टीवरची बाई जेवून गेली होती का गं?”